लाल मोजा उजवीकडं

"तापू द्या हो. तुम्ही नव्हं, वॉल."

मन्मथअप्पा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. लातूरहून तीन तास गाडी चालवत मी नांदेडला आलो होतो. जुन्या मोंढ्यामागच्या त्या बोळात गाडी शिरत नाही, म्हणून यंत्र पोटाशी धरून चालत आलो होतो, आणि दुकानाच्या पायरीवर पाय ठेवल्याबरोबर ओरडायला सुरुवात केली होती. अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं, वायर लावली, आत लालसर उजेड दिसू लागला तसे मांडी ठोकून बसले आणि हे बोलले. पुढची पाच मिनिटं दुकानात कुणी तोंड उघडलं नाही. मला एवढा वेळ गप्प बसवणारा माणूस लातूर जिल्ह्यात जन्मलेला नाही. तो नांदेडात निघाला.

ज्यांनी वॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटभर उंचीची काचेची नळी, खाली पितळी काट्यांसारखे पाय, आत बारीक तार. वीज दिली की तार निखाऱ्यासारखी पेटते आणि बारीक आवाजाचा मोठा आवाज करते. जुन्या रेडिओत हेच असायचे. शिकलेले लोक व्हॉल्व्ह म्हणतात, आमच्याकडे वॉल. आता रेडिओ गेले, पण काही शौकीन लोक हेडफोन लावून गाणं ऐकायला असल्याच वॉलचे छोटे अँप, म्हणजे अँप्लिफायर, वापरतात. माझं यंत्र म्हणजे असाच एक अँप. त्यात दोन वॉल होते, एक उजव्या कानाचा, एक डाव्या कानाचा. माझी तक्रार होती की डावीकडून आवाज दबलेला येतो.

आता मी कोण, तेही सांगून टाकतो. लातूरच्या डाळमिलमध्ये मी हमाल म्हणून लागलो. पुढे रोल मशीनवर अकरा वर्षं काढली. तूर सोलणारं ते मशीन माझ्या डाव्या हाताला असायचं, आणि मुनीमाच्या खोलीतला रेडिओ उजव्या हाताला. त्या रेडिओच्या मागच्या जाळीतून वॉलचा उजेड दिसायचा. दुपारी दोनला मशीन थांबलं की दहा मिनिटं गाणं ऐकू यायचं. तेव्हाच ठरवलं होतं की असला उजेड एक दिवस आपल्या घरात पाहिजे. आज मी बंद पडलेल्या डाळमिलची मशीनरी घेतो आणि विकतो. शिक्षण सातवी. भांडवल म्हणाल तर एकच, घासाघीस.

माझ्या घासाघिशीची एक पद्धत आहे. समोरच्यानं भाव सांगितला की मी मान जरा डावीकडे वळवतो, कपाळाला आठ्या घालतो आणि एकच शब्द म्हणतो. "काय?" बस्स. समोरचा चपापतो. पुन्हा सांगतो, पण थोडं उतरून. मी पुन्हा म्हणतो, "काय?" औशाच्या एका मिलवाल्यानं अशा तीन 'काय'मध्ये धान्य वर चढवायचं एलिव्हेटर निम्म्यात दिलं होतं आणि वर चहा पाजला होता. जळकोटकडच्या एकानं तर दुसऱ्याच 'काय'ला हात जोडले. "मालक, तुम्ही तोंडानं न्हाई, मानंनं मारता," म्हणाला. हा अँपसुद्धा मी असाच घेतला. लातूरच्या एका क्लासचे सर गाव सोडून चालले होते, त्यांच्याकडून. दोन 'काय'मध्ये काम झालं.

तर असा मी, आणि समोर मन्मथअप्पा. वय पंचाहत्तरच्या पुढे. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, चष्म्याची तुटलेली काडी सोल्डर मारून जोडलेली. डाव्या करंगळीचं नख मुद्दाम वाढवलेलं. वॉल हातात आला की त्या नखानं काचेवर हळूच टिचकी मारायची आणि कान जवळ न्यायचा, हे त्यांचं तपासणं. मूळ गाव देगलूरकडचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द टपकायचा. आणि वॉल ठेवायचे कशात? बाळमोज्यांत. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, नातवंडांसाठी लोकरीचे मोजे विणले होते. नातवंडं पुण्याला वाढली, मोजे इथं उरले. दुकानाच्या मागच्या भिंतीला दोऱ्या बांधून शेदीडशे रंगीबेरंगी मोजे टांगलेले, प्रत्येकाच्या पोटात एक वॉल. नवीन माणसाला वाटायचं, हे बारशाचं दुकान.

वॉल तापले. अप्पा उठले. "डोळे मिटा," म्हणाले.

"कशाला?"

"डोळे उघडे ठिवून माणूस भाव बघतो, आवाज न्हाई."

मी मिटले. त्यांनी हेडफोन स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर बसवले, न्हाव्यानं गळ्याभोवती कपडा गुंडाळावा तसे.

"कोणती बाजू दबली?"

"डावी. लातूरहून तेच सांगत आलोय."

काढले, पुन्हा बसवले. "आता?"

"डावीच."

पुन्हा काढले, पुन्हा बसवले. "आता?"

"अप्पा, डावी म्हणजे डावी! ती काय बदलून राहिली का?"

"बदलाया पाहिजे हुती," ते म्हणाले.

मी डोळे उघडले. हेडफोन काढून अप्पा माझ्या डाव्या अंगाला आले आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलले. मी सवयीनं मान वळवली, आठ्या घातल्या. "काय?" पुन्हा काहीतरी बोलले. "काय?" तेव्हा समोर येऊन मोठ्यानं म्हणाले, "वॉल बदलून देतो म्हणलं!"

"मग असं सांगा की," मी म्हणालो. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हातारा दोन 'काय'मध्ये वाकला, असं वाटून मी खूश झालो.

पण खूश होण्यात घाई झाली होती. भावाचं विचारलं तर अप्पा म्हणाले, "वॉल मी इकत न्हाई, बदलतो. तुमचा द्या, माझा घ्या."

"आणि वरचे?"

"वरचं काय न्हाई."

"असं कसं? काहीतरी घ्या की."

"का घेऊ? हे आता हितं कुणी बनवत न्हाई. इकले तर माझ्यापाशी नोटा ऱ्हातील आन् मोजे रिकामे. नोटा मोज्यात घालून टांगू का?"

रेडिओ दुरुस्तीचे हात-मजुरीचे पैसे ते घेत, पण वॉलला किंमत नाही. माझी अवस्था पोहणाऱ्याला कोरड्या विहिरीत सोडल्यासारखी झाली. भावच नाही तर उतरवायचं काय? मी म्हणालो, "एकाला दोन द्या मग." अप्पा म्हणाले, "तुम्हाला कान किती?" शेजारच्या पानवाल्यासकट सगळे हसले. मी यंत्र तिथंच ठेवून, आठ दिवसांनी येतो म्हणून निघालो. लोह्यात चहाला थांबलो तरी डोकं गरम होतं.

आठ दिवसांनी गेलो तेव्हा बसायचा स्टूल डावीकडून उजवीकडे गेलेला. म्हणजे आता अप्पा माझ्या उजव्या हाताला. "तिथं नका, हितं बसा," म्हणाले. गिऱ्हाइकाचा मान राखून राहिलेत असं मला वाटलं. मी ऐटीत बसलो.

त्या दिवशी त्यांनी जी मस्करी केली ती मी अजून विसरलेलो नाही. डोळे मिटायला लावले, हेडफोन बसवले. पाठमोरे होऊन वॉल काढल्याचा, घातल्याचा आवाज. "हा कसा?"

"ठीक. लई भारी न्हाई."

पुन्हा खुडबुड. "आन् हा?"

"हा त्याच्यापेक्षा बरा. पण मजा न्हाई."

पुन्हा खुडबुड. "आता?"

"छे. आधीचाच बरा हुता."

"ओ लातूरकर," अप्पा म्हणाले, "आधीचाच हाय. पहिल्यापासून योकच हाय. मी नुसता काढून फुंकर मारून घालून राहिलो."

मी भडकलो. अप्पा मात्र शांत. म्हणाले, "रागं भरू नका. तुम्हाला मालाला नावं ठिवायची सवय हाय. चांगला म्हणलं की भाव चढतो, व्हय ना? पर हितं भावच न्हाई. तर तोंड गप ठिवा. मी तुमची मान बघतो."

"मान?"

"तोंडानं तुम्ही धंदा करता. मान अजून धंद्यात पडली न्हाई."

मग दोन तास हेच चाललं. एक एक मोजा उतरवायचे, नखानं टिचकी मारायची, वॉल बसवायचा, पाच मिनिटं तापू द्यायचा, आणि माझ्या मानेकडे बघत बसायचं. मला कंटाळा येऊन राग यायला लागला की म्हणायचे, "तापू द्या." आणि मग बोटानं दाखवायचे, तुम्ही नव्हं, तो. दहाबारा वॉल झाले असतील. हेडफोनमध्ये एक बाई गात होती, जुनं गाणं. तोवर ती माझ्या उजव्या खांद्यावर बसून गात होती, असं म्हणा. अप्पांनी उजव्या बाजूला एक वॉल बसवला, तो तापला, आणि बाई खांद्यावरून उठली, सरकत सरकत आली आणि थेट माझ्या कपाळाच्या मधोमध उभी राहिली. सारंगी एका बाजूला गेली, तबला दुसऱ्या. असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मुनीमाच्या रेडिओवरसुद्धा नाही.

"साकू," अप्पा म्हणाले. म्हणजे पुरे. "मान सरळ झाली."

तोंडानं मी एवढंच म्हणालो, "चालंल."

"चालंल म्हणं!" अप्पांनी पानवाल्याला ओरडून सांगितलं, "डोळ्याला पाणी आलंय, आन् चालंल म्हणं!"

निघताना त्यांनी दोन मोजे बांधून दिले, पुढं कधी वॉल काढून ठेवायची वेळ आली तर असावेत म्हणून. एक हिरवा, एक लाल. "ध्यानात ठिवा. लाल मोज्यातला उजवीकडं, हिरव्यातला डावीकडं. चुकून बी अदलाबदल करायची न्हाई. केली तर माझ्याकडं यायचं न्हाई."

पुढचे काही महिने मी रोज दुपारी जेवण झालं की दार लावून घेत असे. बायको म्हणायची, देवपूजा एवढ्या नेमानं केली असती तर. मी नांदेडला फोन करून अप्पांना काय काय ऐकलं ते सांगत असे. आभार मात्र मानले नाहीत. तो आपला स्वभाव नाही.

मग दिवाळीत मुलगी माहेरी आली. तिनं हेडफोन घातले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, उजवीकडून फार कमी येतंय. आणि डावीकडं ना..."

"पुरे," मी म्हणालो. "तुला काय कळतंय त्यातलं?"

पण किडा वळवळला. कामानिमित्त हैदराबादला गेलो तेव्हा दोन्ही वॉल मोज्यांसकट नेले. तिथं एका दुकानात वॉल तपासायचं काट्याचं यंत्र होतं. हिरव्या मोज्यातला घातला, काटा टोकापर्यंत. लाल मोज्यातला घातला, काटा निम्म्यात लटकला. दुकानदार म्हणाला, "साहब, ये तो आधा मरा हुआ है. किसने दिया?"

आधा मरा हुआ. मला. लातूर, औसा, जळकोट, लोहा, जिथं जिथं मिलचं भंगार निघतं तिथं तिथं ज्याच्या नावानं लोक धसका घेतात, त्या मला एका म्हाताऱ्यानं बाळमोज्यात घालून अर्धमेला माल दिला होता. आणि माझे दोन्ही चांगले वॉल ठेवून घेतले होते. तिथूनच फोन लावला.

"अप्पा, उजवा वॉल कमजोर दिला तुम्ही मला!"

"हाव," अप्पा म्हणाले. "बराबर हाय."

"बराबर हाय?"

"तसाच दिला मी. उजवीकडंच घातला ना?"

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. फोन आपटला आणि ठरवलं, त्या बोळात पुन्हा पाय ठेवायचा नाही. वर्षभर ठेवला नाही. जो भेटेल त्याला सांगत सुटलो. लातूरच्या धान्याच्या मोंढ्यातल्या हमालांनासुद्धा तोंडपाठ झालं, नांदेडच्या अप्पानं मालकाला कसं गंडवलं ते. काही जण ऐकताना खाली बघून हसायचे. मी ते लक्षात ठेवून आहे.

हैदराबादच्या त्या दुकानातून मी नव्या वॉलची जुळवलेली जोडी आणली. दोन्हीवर काटा टोकाला. घरी येऊन बसवली, तापू दिली, हेडफोन घातले. बाई पुन्हा उजव्या खांद्यावर जाऊन बसली. डावी बाजू दबलेली. त्या दुकानदाराशी भांडून जोडी परत केली, दुसरी घेतली. तेच. त्याच्याशी पुन्हा भांडलो. शेवटी तो म्हणाला, साहब, आप नांदेडवाले के पास ही जाओ. मग एका दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, मी चोरासारखा लाल मोजा काढला आणि तो अर्धमेला वॉल उजवीकडे बसवला. बाई मधोमध आली. अशा वेळी माणसानं शहाणं व्हायला हवं. मी आणखी चिडलो. म्हाताऱ्यानं यंत्रावर काहीतरी करणी केली आहे, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

अखेर एक दिवस समोरासमोर भांडायला निघालोच. यंत्र पोटाशी, खिशात दोन्ही मोजे. अप्पा वर्षभरात वाळले होते. मला पाहून त्यांनी स्टूल उजवीकडे सरकवला. मी बसलो नाही. लाल मोजा त्यांच्या पुढ्यात टाकला.

"हा मेलेला वॉल."

"मेल्याला न्हाई. म्हातारा हाय. माझ्यासारखा, निम्म्यानं काम करतो. बसा."

"बसायला आलो न्हाई."

"मग हुबं ऱ्हावा. पर डोळे उघडे ठिवा आज." त्यांनी भिंतीवरचे एकाच रंगाचे दोन मोजे उतरवले, त्यातले सारखे वॉल यंत्रात घातले. तापू दिले. मग हेडफोन माझ्या समोर धरले. डाव्या बाजूवर डाव्याची खूण, उजव्यावर उजव्याची. ते नीट दाखवून माझ्या डोक्यावर बसवले.

"कोणती दबली?"

"डावी."

काढले. माझ्या डोळ्यांदेखत उलटे केले. डावी खूण उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. "आता?"

मी बोटानं कानावरची खूण चाचपून पाहिली.

"सांगा की. आता?"

"डावी," मी म्हणालो.

"वॉल दबला असता तर दबल्याली बाजू तिकडं गेली असती का न्हाई? मी यंत्राचं उजवं-डावं पालटलं. तुमचं डावं डावीकडंच ऱ्हायलं. त्या दिवशी बी दोनदा पालटून बघितलं हुतं, तुम्हाला डोळे मिटाया लावून." त्यांनी माझ्या डाव्या कानाला बोट लावलं. "कमजोर हितं हाय. कान बदलता येत न्हाई, वॉल येतो. चांगल्या कानाला म्हातारा वॉल दिला, कमजोर कानाला तरणा. दोघांचं जमवून दिलं. एवढंच केलं मी."

अकरा वर्षं रोल मशीन माझ्या डाव्या हाताला होतं, ते मी वर लिहिलंच आहे. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच आलं. पण कमीपणा घ्यायची सवय नाही. मी ओरडलो, "मग त्याच दिवशी सांगायचं होतं! वर्षभर मला चोर-चोर करायला लावलं तुम्ही!"

"सांगितलं की," अप्पा म्हणाले. "तुमच्या डाव्या बाजूला येऊन सांगितलं, बघावं म्हणलं ऐकू येतं का. पहिल्यांदी म्हणलं, लातूरकर, डावा कान गेला तुमचा, दाखवून घ्या. तुम्ही आठ्या घातल्या आन् म्हणले, काय? मला वाटलं, आता मारतंय हे माणूस. म्हणून दुसऱ्यांदी जरा उतरलो. म्हणलं, कानाचं आसंल न्हाई तर वॉलचं आसंल. तुम्ही म्हणले, काय? मग म्हणलं जाऊ द्या, वॉल बदलून देतो. तर तुम्ही म्हणले..."

"मग असं सांगा की," मी म्हणालो.

अप्पा हसायला लागले. चष्मा निसटून मांडीवर पडला तरी थांबेनात. "माझं खरं सांगणं तुम्ही घासाघीस करून खाली आणलं हो! मी काय करू? दोन 'काय'मध्ये कानाचा वॉल करून घेतला!"

मी स्टुलावर बसलो, उजवीकडच्या. औशाचा मिलवाला आठवला. जळकोटचा आठवला. क्लासचे सर आठवले. हे सगळे माझ्या डावीकडे बसले होते का उजवीकडे, ते आठवायचा प्रयत्न करू लागलो. ज्या घासाघिशीवर मी घर बांधलं, त्यातली माझी किती आणि नुसती ऐकू न आल्याची किती, याचा हिशोब लागेना. एवढं मात्र आठवलं की औशाचा एलिव्हेटरवाला डावीकडे होता, आणि त्यानं पहिल्यांदा काय भाव सांगितला ते मला आजतागायत माहीत नाही.

अप्पा म्हणाले, "कानात घालायचं मशीन घ्या. मग ह्या म्हाताऱ्या वॉलला सुट्टी देऊ, जोडीचा देतो."

"मशीन नको," मी म्हणालो. "लोकांना कळलं तर माझ्या 'काय'ला कोण भिईल?"

"हाव, ते बी खरं. धंद्याचा कान हाय तो."

त्यानंतर मी महिन्यातून एकदा तरी जायचो. भांडायला असं सांगून जायचो. अप्पा प्रत्येक वेळी डावीकडून काहीतरी पुटपुटायचे, मी "काय?" म्हणायचो, आणि ते पानवाल्याला ओरडून सांगायचे, "निम्म्यावर आलं बघ!" मशीन घेतलं का, हे मात्र ते उजवीकडून विचारायचे. मी नाही म्हणायचो. ते मान हलवून एखादा मोजा उतरवायचे, नखानं टिचकी मारायचे, पुन्हा टांगायचे. कुणासाठी तरी काहीतरी शोधत असल्यासारखे.

या उन्हाळ्यात अप्पा गेले. सकाळी फोन आला, अक्कांचा. मी पोचलो तेव्हा त्यांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे बसवलं होतं, मांडी घालून, कपाळभर विभूती, गळ्यात हार. वॉल तापायची वाट बघत बसायचे तसेच बसले होते. पानवाल्यानं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. सगळं आटोपल्यावर अक्कांनी मला आत बोलावलं आणि एक पांढरा मोजा हातात दिला. आत वॉल, आणि वहीच्या कागदाचा तुकडा. अप्पांचं अक्षर: 'लातूरकर. लालच्या जागी. कानात मशीन घातल्यावर.'

मी तिथल्या तिथं चिडलो, रडायच्या ऐवजी. म्हाताऱ्यानं शेवटचा सौदा असा टाकला होता की त्यात 'काय?' म्हणायला जागाच ठेवली नव्हती. वॉल चांगला की वाईट, हे कळायचं तर आधी मशीन घालायला हवं. आणि माल तपासल्याशिवाय मी आयुष्यात काही ठेवून घेतलेलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

महिनाभर तो पांढरा मोजा माझ्यासमोर कपाटात होता. शेवटी लातूरला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तपासणी झाली, मशीन दाखवलं, त्यांनी किंमत सांगितली. मी मान वळवली, आठ्या घातल्या आणि म्हणालो, "काय?"

डॉक्टरांनी तीच किंमत मोठ्यानं सांगितली.

मी पुन्हा म्हणालो, "काय?" त्यांनी तीच किंमत आणखी मोठ्यानं, माझ्या कानाजवळ येऊन सांगितली. बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना ती कळली. आयुष्यात पहिल्यांदा भाव उतरला नाही, नुसता आवाज चढला. सांगितली ती किंमत देऊन मी मशीन घेतलं.

घरी येऊन मशीन कानात घातलं. लाल मोज्यातला म्हातारा वॉल काढून मोज्यात ठेवला, पांढऱ्यातला बसवला. पाच मिनिटं तापू दिला. गादीचे मोठे हेडफोन वरून घातले, गाणं लावलं. बाई मधोमध उभी होती, आणि पूर्वीपेक्षा मोठी. आता तिच्या मागं वाजणारं सगळं डावीकडूनही उघडं पडलं होतं. वॉल उत्तम होता. मी मोठ्यानं म्हणालो, "चालंल."

मग गाणं संपलं, आणि त्या शांततेत मला डावीकडून काहीतरी ऐकू आलं. अगदी बारीक. घुंई. मी आवाज कमी केला, जास्त केला, हेडफोन हलवले. डावीकडचा वॉल काढला, घुंई थांबली. पुन्हा घातला, आली. हिरव्या मोज्यातला वॉल घुमत होता, पहिल्या दिवसापासून. मुलगी दिवाळीत "डावीकडं ना..." म्हणाली होती, ते हेच. नखानं टिचकी मारून शेदीडशे वॉलचे स्वभाव ओळखणाऱ्या माणसाला ते कळलं नसेल, हे शक्य नाही. ज्या कानाला ऐकू येत नाही, त्या कानाला त्यांनी बिनबोभाट घुमणारा वॉल खपवला होता.

म्हणजे अखेर मला फसवलंच. माझं वर्षभराचं ओरडणं अगदीच खोटं नव्हतं. मी उठलो, गाडीची किल्ली घेतली आणि दारापर्यंत गेलोसुद्धा. तिथं उभा राहिलो. मग किल्ली खुंटीला लावून परत येऊन बसलो.

तो वॉल मी बदललेला नाही. हल्ली गाणं लावायच्या आधी मी हेडफोन घालून पाच मिनिटं नुसता बसतो आणि डावीकडची घुंई ऐकतो. घरच्यांना वाटतं, वॉल तापायची वाट बघतोय.